दूध पावडरीचा बर्फ

बर्फ म्हणजे दूध पावडर, हे माझं आयुष्यातलं पहिलं शास्त्रीय मत. ते मी वयाच्या सातव्या वर्षी, १९७२च्या दुष्काळात, पुराव्यानिशी मांडलं होतं. पुरावा माझ्या हातातच होता. मिशनच्या शाळेत आम्हाला अमेरिकेतून आलेली नाताळची जुनी कार्डं वाटायचे. तिकडच्या लोकांनी एकमेकांना पाठवलेली, वाचून झालेली आणि मग कुणीतरी मायेने मजकुराची बाजू कापून आमच्यासाठी पेटीत भरलेली. कार्डावर घर असायचं. घराच्या उतरत्या छपरावर पांढरं काहीतरी, झाडांवर तेच, कुंपणावर तेच, देवळाच्या टोकदार मनोऱ्यावरही तेच. आमच्या नेवासे तालुक्यात त्या वर्षी आभाळातून पाणीसुद्धा पडलं नव्हतं. अमेरिकेत मात्र दूध पावडर पडते आणि त्यांना खाऊन उरली की ते लोक आमच्याकडे पाठवतात, एवढं सरळ होतं ते. मी गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी कार्ड हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "पडत असती तर ती गोळा करायचं सोडून ही माणसं घरात कशाला बसली असती? खाली बस." याला काही खंडन म्हणत नाहीत. त्यामुळे पुढे दोन-तीन वर्षं मी माझ्या मतावर ठाम होतो.

शाळा ओढ्यापलीकडच्या वस्तीत होती. दोन खोल्या, वर मंगलोरी कौलं, पुढे कडुनिंब आणि कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो लोखंडी दांड्याने बडवला की शाळा भरायची, आणि रविवारी तोच बडवला की उपासना. वस्तीतली बहुतेक घरं ख्रिस्ती. ख्रिस्ती होण्याआधी गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं, त्यांचीच ती घरं. धर्म बदलून दोन पिढ्या झाल्या होत्या, पत्ता तोच होता.

आमचं घर वारकऱ्याचं. पण आमचं शेत ओढ्याला लागून होतं आणि गावातली शाळा लांब, म्हणून वडिलांनी मला इथे घातलं. आजीला ते पसंत नव्हतं. संध्याकाळी मी परत आलो की ती मला पायरीवर उभं करायची, तांब्यातून चार थेंब अंगावर शिंपडायची आणि मगच आत घ्यायची. एकदा मी चड्डीच्या खिशातून मूठभर दूध पावडर आणली. पाणी शिंपडलं तर पावडरीचा चिखल होईल, हा पेच आजीपुढे पडला. तिने थोडा विचार केला, पावडर आधी वाटीत काढून घेतली, मग मला शिंपडलं. पावडर विलायतेहून आलेली, तिला वस्ती लागत नाही, असा तिचा निवाडा होता. मी रोज त्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसत होतो, म्हणून मला लागत होती. पुढे मोठेपणी धर्मशास्त्रावरची बरीच जाड पुस्तकं वाचली. विटाळाचं एवढं सोयीचं विवेचन कुठे सापडलं नाही.

ज्यांनी ती पावडर कोरडी खाल्ली आहे त्यांनाच तिची गंमत कळेल. तळहातावर घ्यायची, जिभेने उचलायची आणि तोंड मिटायचं. ती टाळूला अशी चिकटायची की पंधरा मिनिटं बोलता यायचं नाही. गुरुजी मुद्दाम पाढ्यांच्या आधी पावडर वाटायचे नाहीत. कढत पाण्यात कालवलेली ती मोठ्या पातेल्यात यायची तेव्हा तिच्यात गुठळ्या असायच्या, आणि ज्याच्या पेल्यात मोठी गुठळी तो त्या दिवशीचा भाग्यवान. आमच्या आया खडी फोडायला किंवा पाझर तलावाच्या कामावर जायच्या. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. मिलोची भाकरी थापतानाच चिरायची, आणि खाल्ली की पोटात गेल्यावरही चिरत असावी असं वाटायचं. धान्याच्या आणि पिठाच्या पोत्यांवर एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांचं चित्र असायचं. अमेरिकेच्या जनतेची भेट, असा त्याचा अर्थ. पोती कापडाची, कापड चिवट. वस्तीतल्या आयांनी ती उसवून आमच्या चड्ड्या शिवल्या. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या पोरांच्या रांगेकडे मागून पाहिलं, की दोन देशांची मैत्री किती दृढ आहे ते दिसायचं.

अमेरिकेचा आणि आमच्या जिल्ह्याचा हा संबंध दुष्काळाएवढाच जुना, हे मला पुढे कळलं. १८१३च्या फेब्रुवारीत अमेरिकन मिशनरींची पहिली जोडी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, मुंबईला उतरली. कंपनी सरकारने त्यांचं स्वागत कसं केलं? तुम्ही परत जा म्हणून. ते गेले नाहीत. १८३१च्या अखेरीस मिशनने नगरला ठाणं मांडलं. या मंडळींचं मुख्य कार्यालय बोस्टनला. मुंबईहून आणि नगरहून तिथे नियमित अहवाल जायचे: किती शाळा, किती मुलं, किती पुस्तकं छापली, किती बाप्तिस्मे झाले. मुलांचे आकडे भरभर वाढत असत. बाप्तिस्म्यांचे आकडे मात्र नांगरटीला जुंपलेल्या म्हाताऱ्या बैलासारखे चालत. बोस्टनच्या देणगीदारांची काय मनःस्थिती होत असेल ती कोणत्याही कर्जदाराच्या घरी हप्त्यासाठी खेटे घालणाऱ्या माणसाला समजेल.

या अहवालांत सिंथिया फॅरार या बाईंचं नाव येतं. १८२७च्या डिसेंबरात त्या मुंबईला आल्या. लग्न न झालेली बाई शिक्षिका म्हणून समुद्रापलीकडे पाठवायची, हे तिकडच्या मंडळालाही नवं होतं. आपल्या आयाबायांनी त्यांना पहिला प्रश्न कोणता विचारला असेल ते सांगायला नको. १८३९ साली त्या नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. त्यांची मुलींची शाळा पाहायला पुण्याहून एक तरुण आला होता. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला, नाव जोतीराव फुले. त्याने पाहिलं, परत जाऊन १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि त्याच्या पत्नीने, सावित्रीबाईंनी, अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला याच फॅरारबाईंकडे. पुढचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

माझी गंमत वेगळीच आहे. बोस्टनच्या वहीत हे कोणत्या रकान्यात लिहायचं? सावित्रीबाईंनी बाप्तिस्मा घेतला नाही. जोतीरावांनी तर सगळ्या धर्मांच्या भटजी-पाद्र्यांना एका रांगेत उभं करून प्रश्न विचारले. म्हणजे हिशेबाने हे दोघंही मिशनचं नुकसानच. फुल्यांच्याच शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजातली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो १८५५ साली छापला कुणी? मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने. मुलगी फुल्यांची, शब्द तिचे, कागद आणि शाई बोस्टनची. या व्यवहारात कुणाचं किती देणं लागतं हे ठरवायला बसलो की माझं गणित कच्चं पडतं, आणि गुरुजींनी ते पक्कं करायचा पुष्कळ प्रयत्न केला होता.

"किती घेतले होते त्यांनी धर्म बदलायला?" हा प्रश्न मला माझ्या मिशनच्या शाळेबद्दल कळलं की अजूनही कुणी ना कुणी विचारतं. मी म्हणतो, मिलो. आणि पुढे सुचवतो, की तुम्ही एकदा मिलोची भाकरी खा आणि मग सांगा, तिच्यासाठी कुणी धर्म बदलेल की आहे तोही सोडून पळेल. खरं तर दुष्काळात धान्य वाटलं जायचं, त्याच्यामागून धर्मही यायचा, हे खोटं नाही. १९००च्या दुष्काळातही 'क्विटो' नावाच्या आगबोटीतून अमेरिकेहून मका मुंबईला आला होता, आणि त्या काळात मिशनच्या बोर्डिंगांत वाढलेली अनाथ पोरं पुढे ख्रिस्तीच झाली. भुकेल्या माणसापुढे भाकरी आणि पुस्तक एकाच ताटात ठेवणं यात काहीतरी खटकतं, ते मलाही खटकतं. पण ज्यांना ते खटकतं त्यांनी त्या माणसाला दुसरं ताट कधी वाढलं होतं का, हेही विचारावं लागतं. शिवाय लोभाचाच हिशेब करायचा तर तो पुरता करावा. १९५०च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंना मिळाल्या, पुढे शीख आणि बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांना त्या नाहीत. वस्तीतल्या माणसांनी मिलो घेतला असेल, पण त्याची किंमत नातवंडांकडून वसूल होत राहिली. एवढा आतबट्ट्याचा लोभ मी दुसरीकडे पाहिला नाही.

आमचे गुरुजी या वस्तीतच जन्मलेले. पांढरा लेंगा, वर काळा कोट, कोटाच्या खिशात खडू. सकाळी शाळा, संध्याकाळी प्रार्थना, मधल्या वेळात कुणाचं पत्र वाचून दाखव, कुणाचा अर्ज लिहून दे. मिशनचं काम म्हटलं की डोळ्यापुढे टोपीवाला साहेब येतो. आमच्या चार वर्षांत साहेब एकदा आला. बाकीचे सगळे दिवस गुरुजी होते.

ते हजेरी घ्यायचे ती एकदा ऐकायला हवी होती. आमच्या भागात आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव धोंड्या, कचरू, उकिरडा असं ठेवतात, म्हणजे सटवीची नजर पडत नाही. गुरुजी पटावर त्याचं धोंडीराम करायचे, पुढे वडिलांचं नाव, मग आडनाव, आणि शेवटचं अक्षर खाली पडू न देता सावकाश पुकारायचे. पहिल्या दिवशी एक पोरगं गप्पच बसलं. चौथ्यांदा पुकारल्यावर शेजाऱ्याने ढोसलं तेव्हा त्याला कळलं की एवढा लांबलचक माणूस आपणच. ते उठून उभं राहिलं आणि "हजर" म्हणण्याऐवजी रडायला लागलं. गावात त्याच्या बापालासुद्धा कुणी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती.

शाळेत ओव्या, अभंग यांच्या चालींवर गाणी व्हायची. रेव्हरंड टिळकांनी आणि कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ताला मराठी करून ठेवलं होतं. त्यामुळे टाळ-पेटी सुरू झाली की मला घरच्यासारखंच वाटायचं. वचनं पाठ करण्याच्या स्पर्धेत बक्षीस असायचं. ते बहुधा मलाच मिळायचं, कारण हरिपाठाने पाठांतराची जीभ तयार झालेली. वस्तीतली मुलं तक्रार करायची की आमच्या देवाची वचनं आणि बक्षीस मात्र ह्याला. गुरुजी म्हणायचे, "तुम्ही त्याच्या देवाची पाठ करा. मी बक्षीस देतो." कुणी केली नाहीत.

याचा परिणाम एकदा भलताच झाला. एकादशीच्या रात्री मारुतीच्या देवळात भजन होतं. भजन संपलं, पुंडलिकवरदा झालं, ज्ञानदेव तुकाराम झालं, पंढरीनाथ महाराजांचा जयजयकार झाला आणि त्यानंतरच्या शांततेत मी दोन्ही डोळे मिटून खणखणीत आवाजात "आमेन" म्हणालो. टाळ हातातल्या हातात थांबले. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. विणेकरी बुवा म्हातारे होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे काय रं बाळा?" मी म्हणालो, "गुरुजी म्हणाले, तसंच होवो." बुवांनी जरा मान हलवली. "मंग बराबर हाय. तथास्तु म्हनाला पोरगं." आणि त्यांनी वीणा उतरवून ठेवली. जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो खांब आमच्याच तालुक्यात आहे. त्याचा थोडाफार वारा आमच्या बुवांना लागला असावा.

आता साहेब आला ती हकिकत. तिकडच्या मंडळीतले पाहुणे शाळा बघायला येणार, मदत मिळते ती मुलं कशी आहेत ते पाहणार आणि फोटो काढून नेणार, असा निरोप आला. वस्तीत आदल्या दिवसापासून धांदल. पाण्याचा टँकर तीन दिवसांनी यायचा, तरी सगळ्या पोरांना आंघोळी घातल्या गेल्या. डोक्याला इतकं तेल, की ते कपाळावरून ओघळून भुवईवर थांबत होतं. ज्याच्या घरी जे चांगलं ते त्याच्या अंगावर. एका पोराने मामाच्या लग्नातला कोट घातला होता, त्याच्या बाह्या गुडघ्याशी आल्या होत्या. मिशनच्या पेटीतून आलेला एक रेशमी टाय वस्तीतल्या एका म्हातारीने पिशवीला नाडी म्हणून ओवला होता. तो त्या दिवसापुरता काढून नातवाच्या गळ्यात बांधला, नाडीचीच गाठ मारून. मीही चुलतभावाची इस्त्रीची पँट घालून रांगेत होतो.

पाहुणे आले. उंच, लालबुंद, घामाने निथळलेले, फार प्रेमळ. त्यांनी रांग पाहिली, हसले, टाळ्या वाजवल्या आणि मग दुभाष्याच्या कानाशी काहीतरी बोलले. दुभाषी गुरुजींच्या कानाशी बोलला. गुरुजींचा चेहरा पडला. पाहुण्यांना मुलं रोज असतात तशी हवी होती. तिकडे फोटो दाखवला की लोक मदत करतात. या फोटोत तर सगळीच पोरं वऱ्हाडी दिसत होती.

गुरुजींनी आयांना ते कसं सांगितलं ते आठवत नाही. एक बाई पुढे आली, खडी फोडून हाताला घट्टे पडलेली, ते मात्र आठवतं. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "मास्तर, फाटक्या कापडात फोटू काढायचा असंल तं मव्हं पोरगं देनार न्हाई. तिकडं अमेरिकेत लोक काय म्हनतील? ह्याच्या आईला रीत न्हाई म्हनतील." आणि पोराच्या भुवईवरचा तेलाचा थेंब तिने अंगठ्याने पुसला.

गुरुजी दुभाष्याकडे वळले. दुभाष्याने किती सांगितलं, किती गाळलं, देव जाणे. पाहुण्यांनी टोपी काढली, त्या बाईकडे पाहून मान लववली आणि होते तसेच फोटो काढले. कोट, टाय, तेल सगळ्यासकट. त्या फोटोंवर तिकडे किती मदत जमली कोण जाणे. बेताचीच जमली असणार. पुढच्या वर्षी पावडरीचे डबे कमी आले, पण तोवर पाऊसही पडला होता.

मिशन काय द्यायला आलं आणि लोकांनी काय घेतलं, यांचा मेळ मी आजवर पुष्कळदा घालून पाहिला. पाठवणाऱ्यांनी कोट पाठवला, इकडे रात्री दाऱ्यावर पाणी धरताना तो पांघरला गेला. त्यांनी टाय पाठवला, त्याची नाडी झाली. बर्फाचं चित्र पाठवलं, मी त्याची दूध पावडर केली. वचन दिलं, ते एकादशीला मारुतीच्या देवळात जाऊन पोचलं. दिलेली वस्तू देणाऱ्याच्या मनातल्या जागी क्वचितच जाते. घेणारा तिला आपल्या घरात जिथे गरज असेल तिथे ठेवतो. चांगल्या देणाऱ्याला हे कळत असतं आणि तो परत येऊन ती कुठे ठेवली हे तपासत नाही. आमच्या गुरुजींना ते कळत होतं, असं मी आता म्हणतो. म्हणण्याला पुरावा आहे, आणि या वेळी तो पावडरीपेक्षा बरा आहे.

मध्यंतरी जुने कागद चाळताना माझा चौथीचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. घड्या विरलेल्या, शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र मोत्यासारखं. गुरुजींनी चार वर्षं रोज सकाळी माझ्यासह सगळ्यांसाठी प्रार्थना केली होती. वचनं पाठ करून घेतली होती, नाताळात देवदूत करून माझ्या पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधले होते. नावाच्या रकान्यात त्यांनी माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण लिहिलं आहे. धर्माच्या रकान्यात लिहिलं आहे, हिंदू. त्याच्या खाली, त्याच हाताने, त्याच शाईने: प्रगती समाधानकारक.